जुनं रंगीत लिथो पोस्टर: दगडागणिक कसं वाचावं, कसं पारखावं आणि घरी कसं टिकवावं

पॅरिसला जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येक घरात एक गुंडाळी असते. सीन नदीच्या काठावर हिरव्या पेट्या मांडून बसलेल्या पुस्तकविक्रेत्यांकडून घेतलेलं मूलाँ रूज या नाचघराचं पोस्टर, काळं मांजर, नाहीतर मुखा या चित्रकाराची एखादी केस मोकळे सोडलेली बाई. हे बहुतेक सगळं ऑफसेटवर छापलेलं पुनर्मुद्रण असतं. भिंतीवर लावायला ते उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती तेच चित्र कुणी ‘ओरिजिनल लिथोग्राफ’ (दगडावर काढून त्यावरून छापलेलं चित्र) म्हणून पाच-पन्नास पट भावाने गळ्यात मारतं तेव्हा.

हा लेख पहिल्यांदाच असं पोस्टर घेऊ पाहणाऱ्यांसाठी, किंवा वारशाने आलेली गुंडाळी उघडून ‘हे नक्की काय आहे’ असा प्रश्न पडलेल्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पोस्टर ही कला झाली ती चित्रकार स्वतः छपाईच्या दगडापाशी जाऊन बसले म्हणून. त्यामुळे खरेपणाच्या खुणा चित्राच्या विषयात किंवा सहीत शोधू नका, त्या शाईत असतात. प्रत्येक दगडाची शाई वेगळी काढून बघता आली, की कला आणि पारख दोन्ही एकदमच कळतात.

हाताशी काय हवं

- 10 पट मोठं दाखवणारं भिंग, आणि जमल्यास 30 पटीचं दुसरं. मोबाइलला लावायची मॅक्रो भिंगं चालतात, पण चपटी, कागदावर टेकवता येणारी घ्या.
- 3 मीटरची टेप. मापं सेंटिमीटरमध्येच घ्या, फ्रेंच नोंदी त्यातच असतात.
- पांढऱ्या प्रकाशाची लहान बॅटरी, आडवा उजेड टाकायला.
- 365 नॅनोमीटरची अतिनील बॅटरी. नोटा तपासायची चालते. तिच्या झोतात थेट बघू नका.
- धुतलेले, कोरडे हात. सुती हातमोज्यांनी कागदाची कड जाणवत नाही आणि चीर वाढते. ते सिनेमात ठीक.

1. आधी दगड समजून घ्या

आपल्याकडे ‘शिळाप्रेस’ हा शब्द एकोणिसाव्या शतकापासून आहे, तेच हे तंत्र. म्यूनिचमध्ये आलॉइस झेनेफेल्डरने 1796च्या सुमारास ते शोधलं. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड वाळूने घासून एकसारखा खरखरीत करायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने चित्र काढायचं. मग डिंक आणि किंचित नायट्रिक ॲसिड यांचं मिश्रण फिरवायचं. त्यामुळे चित्राचा भाग तेल धरतो आणि उरलेला दगड पाणी धरतो. ओल्या दगडावर शाईचा रोलर फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. कोरायचं काही नाही, उठावही नाही. तेल आणि पाण्याचं वैर, एवढ्यावर सगळं चालतं.

पारख करताना यातल्या तीन गोष्टी कामाला येतात. एक, दगड खरखरीत असल्यामुळे खडूची रेघ सलग उमटत नाही. ती दाणेदार, तुटक असते आणि कुठलेही दोन दाणे सारखे नसतात. दुसरी, एक दगड म्हणजे एकच शाई. पाच रंग हवे तर कागद पाच वेळा छापायचा, तोही आधीच्या रंगावर नेमका बसवून. तिसरी, शाई प्रेसवर मिसळून तयार होते. हिरवा हवा तर डब्यातच हिरवी शाई असू शकते, निळ्या-पिवळ्या ठिपक्यांची बेरीज करावी लागत नाही.

‘दगड’ हा शब्द इथे सैल अर्थाने घ्या. मोठ्या पोस्टरांसाठी जस्ताचे पत्रेही सर्रास वापरले जात. छापाचं शास्त्र तेच, दाणा थोडा बारीक. ‘जस्तावर छापलं म्हणजे खोटं’ असं कुणी म्हटलं तर सोडून द्या.

2. काळाच्या गाठी लक्षात ठेवा

रंगीत शिळाछपाईचं पेटंट गोदफ्रुआ एंगेलमानने 1837 मध्ये घेतलं. पण सुरुवातीची काही दशकं तिचं काम एकच होतं, तैलचित्राची नक्कल. एखादा कारागीर मूळ चित्र समोर ठेवून बारीक ठिपक्यांनी दहा-पंधरा दगड तयार करायचा. महाग, सावकाश, आणि शेवटी हाती काय तर नक्कल.

ज्यूल शेरे हा तेराव्या वर्षी लिथो छापखान्यात उमेदवारीला लागलेला पोरगा. लंडनमध्ये काम करून त्याने 1866 मध्ये पॅरिसला स्वतःचा छापखाना काढला आणि हा हिशोबच उलटा केला. नक्कल करायचीच नाही, चित्र थेट दगडावरच जन्माला घालायचं, आणि दगड वापरायचे तीन-चार. एका दगडावर काळं रेखाटन, दुसऱ्यावर झगझगीत लाल आणि तिसऱ्यावर उतरता रंग, म्हणजे वर थंड निळा-हिरवा आणि खाली येता येता ऊबदार पिवळा-नारिंगी. रोलरवरच दोन शाया एकमेकींत मिसळू दिल्या की हा उतार एकाच छापात मिळतो. 1890च्या आसपास त्याने काळ्या रेषेऐवजी गडद निळी घेतली आणि त्याच्या उड्या मारणाऱ्या बायका आणखी हलक्या झाल्या. पुढच्या सगळ्यांनी, चित्रकार तुलूझ-लोत्रेकनेसुद्धा, याच काटकसरीतून धडा घेतला.

29 जुलै 1881च्या कायद्याने फ्रान्समध्ये छापणं आणि चिकटवणं मोकळं केलं. सरकारी जाहीरनाम्यांसाठी पांढरा कागद मात्र राखीव राहिला, खासगी पोस्टर रंगीतच हवं. गंमत म्हणजे पॅरिसच्या भिंतींवर आजही हा कायदा दिसतो तो ‘इथे पोस्टर लावू नये’ या पाटीच्या तळाशी. त्याच वर्षी शेरेने आपला छापखाना शे या कंपनीला विकला, पण कलेची सूत्रं स्वतःकडे ठेवली. 1890 मध्ये त्याला लेजियन ऑफ ऑनर मिळालं. 1891 मध्ये तुलूझ-लोत्रेकचं पहिलं पोस्टर आलं, मूलाँ रूजमधल्या ला गुल्यू या नर्तकीचं. त्याच साली एदमाँ सागो या विक्रेत्याने पोस्टरांचा विक्री-कॅटलॉग काढला, म्हणजे तोवर पोस्टरांचा बाजार उभा राहिला होता. शौकीन लोक रात्री ओला स्पंज घेऊन भिंतीवरची पोस्टरं सोडवायचे, नाहीतर चिकटवणाऱ्याच्या हातावर चार पैसे ठेवायचे. 1895च्या पहिल्या दिवशी मुखाने सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीसाठी केलेलं ‘जिस्माँदा’ नाटकाचं पोस्टर भिंतींवर लागलं.

ही यादी पाठ करायची गरज नाही. ती कुठे उपयोगी पडते ते पुढे दिसेलच.

3. भिंग टेकवा: सगळ्यात आधी अक्षरांवर

नवशिके चेहऱ्यापासून सुरुवात करतात. तुम्ही अक्षरांपासून करा. मूळ पोस्टरमध्ये काळं अक्षर म्हणजे सलग काळी शाई. कड किंचित थरथरती असेल, पण आतून भरीव. पुनर्मुद्रणात अख्ख्या पोस्टरचा फोटो काढून चार रंगांत फोडलेला असतो, त्यामुळे लाल अक्षर किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांचं बनतं आणि कडेला ठिपक्यांची झालर दिसते. 10 पटीच्या भिंगाखाली फुलाच्या पाकळ्यांसारखी ठरावीक अंतरावरची नक्षी दिसली, की तपासणी संपली. तो ऑफसेट आहे.

इंकजेट जास्त फसवतो. त्यात नक्षी नसते, ठिपके विखुरलेले असतात आणि घाईत ते खडूच्या दाण्यासारखे वाटतात. 30 पटीचं भिंग लावा. इंकजेटचे ठिपके जवळपास एकाच आकाराचे, गोलसर आणि त्याच ठरावीक निळ्या-किरमिजी-पिवळ्या-काळ्या रंगांचे असतात. फिकट रंगाच्या जागी ते विरळ होतात. दगडाच्या छपाईत फिकट पिवळा म्हणजे फिकट पिवळीच शाई.

आता चित्राकडे वळा आणि दगड मोजा. लोत्रेकचं 1893चं ‘दिव्हाँ जापोने’ घ्या. समोर काळ्या पोशाखात बसलेली जेन आव्रिल, आणि मागे रंगमंचावर लांब काळे हातमोजे घातलेली गायिका, जिचं डोकं चित्राच्या वरच्या कडेने उडवलंय. त्या काळ्या पोशाखावर भिंग फिरवलं तर सलग, खोल काळं दिसतं. त्यात चमक नाही, ठिपकाही नाही. केसांचा नारिंगी लाल ही स्वतंत्र शाई, पिवळा स्वतंत्र, मागचा करडा-हिरवट स्वतंत्र. आणि त्या करड्या भागात शिंतोडे आहेत, कुंचल्याने किंवा ब्रशवर बोट ओढून तेलकट शाई दगडावर उडवलेली. काही मोठे, काही धुळीएवढे, काही एकमेकांत मिसळलेले.

हे शिंतोडे म्हणजे बोटांचे ठसे समजा. एखाद्या संग्रहालयाने मोठ्या आकारात आंतरजालावर ठेवलेली प्रतिमा उघडा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गालिका’ आणि पॅरिसच्या नगर-संग्रहालयांचं संकेतस्थळ यासाठी चांगलं. एका चौरस इंचातले शिंतोडे तुमच्या प्रतीतल्या त्याच इंचाशी एकेक करून जुळवा. छपाईच्या ओघात काही ठिपके भरून येतात किंवा पुसट होतात, तेवढा फरक चालेल. पण रचनाच वेगळी असेल, तर कुणीतरी नंतर नव्याने दगडावर काढलेली ती नक्कल आहे. विसाव्या शतकात अशा नकला खऱ्याखुऱ्या लिथोवर छापल्या गेल्या. खडूचा दाणा, सलग शाई सगळं त्यांत सापडतं. त्यांना पकडायचा हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

कुठे शाई नाही तेही बघा. ला गुल्यूच्या पोस्टरमध्ये तिच्या झालरदार परकराचा पांढरा म्हणजे कोरा कागद, चारदोन रेघांनी कुंपण घातलेला. जुन्या प्रतीत हा भाग कागदाच्या वयाचा, म्हणजे मळकट सायीच्या रंगाचा हवा आणि भिंगाखाली त्यात एकही ठिपका नको. पुनर्मुद्रणात हा जुनाट पिवळेपणाच छापलेला असतो, पिवळ्या ठिपक्यांनी.

हाच न्याय घड्यांना. मूळ पोस्टरं घडी घालून ठेवली जात, आणि पुनर्मुद्रणात मूळ प्रतीच्या घड्या फोटोसकट उतरतात. आडवा उजेड टाका आणि घडीवरून अलगद बोट फिरवा. डोळ्याला घडी दिसते पण बोटाला लागत नाही, असं झालं तर विक्रेत्याचे आभार माना आणि निघा. कॅनव्हासवर चढवलेल्या (मागून कापड चिकटवलेल्या) प्रतीत घडी दाबून सपाट केलेली असते हे खरं, पण तिथेही आडव्या उजेडात शाई मोडल्याची रेघ दिसते.

शेवटी रंग जुळलेत का बघा. रंगांच्या कडांना एखाद-दोन मिलिमीटर सरकलेला लाल किंवा पिवळा दिसला तर खूश व्हा. समासात फुलीच्या बारीक खुणाही असू शकतात, कागद प्रत्येक दगडावर त्याच जागी बसवण्यासाठीच्या.

4. माप आणि छापखान्याची ओळ

लोत्रेकचं मूलाँ रूज साधारण 190 × 116 सेंमी आहे आणि ते एका कागदावर मावत नाही. मोठे दोन ताव आणि वर एक पट्टी, असे तीन तुकडे जोडलेत. वरची पट्टी हरवलेल्या प्रतीही आहेत. ‘जिस्माँदा’ सुमारे 216 × 74 सेंमी, दोन तावांचं. ‘दिव्हाँ जापोने’ 80 × 60च्या आसपास, म्हणजे कोलंबिए या फ्रेंच तावाच्या मापाचं. तेव्हा 70 × 50 सेंमीचं, तयार फ्रेमच्या मापात बसणारं ‘मूळ मूलाँ रूज’ कुणी दाखवलं, तर भिंगसुद्धा काढू नका.

दोन-तीन सेंटिमीटर कमी भरलं तर समास कापलेला असतो. तो का कापला हा प्रश्न विचाराच, कारण छापखान्याचं नाव बहुधा तिथेच असतं. ‘इंप.’ म्हणजे छापखाना. शेरेच्या पोस्टरांवर शे आणि ‘आतेलिए शेरे’, मुखाच्या बऱ्याच पोस्टरांवर शांपेन्वा (‘जिस्माँदा’ मात्र लमर्सिएचं), स्टाइनलेनच्या 1896च्या काळ्या मांजरावर शार्ल वेर्नो, लोत्रेकच्या मूलाँ रूजवर शार्ल लेव्ही. चित्रकार आणि छापखाना यांची जोडी नोंदीशी जुळली पाहिजे. काही प्रती मजकूर छापण्याआधी संग्राहकांसाठी काढलेल्या असतात, त्यांवर अक्षरंच नसतात. तो दोष नाही, पण मग इतर पुरावा दुप्पट हवा.

महसुली तिकिटाबद्दल गैरसमज फार. रस्त्यावर लावायच्या पोस्टरावर कर भरल्याचं तिकीट किंवा शिक्का असे. तो असेल तर छानच. पण विक्रेत्यांनी थेट छापखान्यातून उचललेल्या प्रती भिंतीवर गेल्याच नाहीत, त्यांवर तिकीट नसणारच. बऱ्याचदा त्याच सगळ्यात ताज्या राहिल्यात.

5. कागद आणि अतिनील बत्ती

पोस्टराचा कागद मुद्दाम हलका. चार आठवडे पावसात टिकला की त्याचं काम झालं. लाकडाच्या लगद्याचा असल्याने तो आम्लधर्मी, कडेकडेने तपकिरी आणि ठिसूळ होतो. जाड, गुळगुळीत, कार्डासारख्या कागदावर 1890चं रस्त्यावरचं पोस्टर नसतं.

खोलीत अंधार करा आणि अतिनील बत्ती लावा. कागदाला निळसर पांढरी चमक आली, म्हणजे त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन आहे. कागदात ते साधारण 1950च्या आसपासपासून वापरात आलं. चमक आली की 1890चा विषय संपला. चमक न येणं हा मात्र खरेपणाचा पुरावा नव्हे. जुन्या वह्यांचे कोरे कागद आजही मिळतात आणि इंकजेटमध्ये जातात. दुसरी अडचण कॅनव्हासची: मागचं नवं कापड चमकतं आणि माणूस घाबरतो. समोरच्या कागदाचीच चमक बघा. दुरुस्तीची ठिगळं आणि नंतर भरलेला रंगही याच उजेडात उठून दिसतो, म्हणून खरेपणाची खात्री झालेल्या प्रतीवरही ही बत्ती फिरवाच.

6. नेहमीचे सापळे

*छोट्या आकाराच्या अस्सल प्रती.* 1895 ते 1900 या काळात शेच्या छापखान्याने ‘मेत्र द लाफिश’ नावाची मालिका काढली. त्या काळच्या गाजलेल्या पोस्टरांच्या लहान लिथो आवृत्त्या, सुमारे 40 × 29 सेंमी, एकूण 256. दर महिन्याला चार, शिवाय वर्गणीदारांना 16 जादा. कागद चांगला, छपाई सुरेख आणि कोपऱ्यात शाईविना दाबलेला उठावदार शिक्का. या स्वतः संग्राह्य वस्तू आहेत आणि नवशिक्याने पहिली खरेदी यांतूनच करावी असं माझं मत: माप घरात बसतं, कागद टिकाऊ, खोटेपणा पकडणं सोपं. पण हे भिंतीवरचं पोस्टर नव्हे. विक्रेता ‘मूळ लोत्रेक, 1895-1900, लिथोग्राफ’ म्हणतो तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलत नसतो. म्हणून माप विचारा.

*‘लिथोग्राफ’ हा शब्द.* ऑफसेटचं पूर्ण नाव ऑफसेट लिथोग्राफी आहे. या पळवाटेतून रोज माल विकला जातो. लेखी प्रश्न असा विचारा: दगडावरून किंवा जस्तावरून हाताने काढलेल्या चित्राची छपाई आहे का, आणि ही प्रत कोणत्या वर्षी छापली? वर्ष चित्राचं नको, प्रतीचं हवं.

*पेन्सिलीत क्रमांक.* 112/300 अशी नोंद असलेलं शेरेचं किंवा मुखाचं रस्त्यावरचं पोस्टर संशयास्पदच. पोस्टरं हजारांत छापली जात, मूलाँ रूजच्याच सुमारे 3000 प्रती निघाल्या. मोजणार कोण? लोत्रेकची गोलातली सही दगडातच काढलेली असते, तिचा अर्थ ‘स्वहस्ते सही केलेली प्रत’ असा नाही.

*सूचीतला क्रमांक.* लिलावाच्या नोंदीत ‘विट्रॉक पी 1’ असं दिसलं, तर तो लोत्रेकच्या छापचित्रांच्या सूचीतला क्रमांक, इथे मूलाँ रूजचा. तो चित्राला लागतो, तुमच्या हातातल्या प्रतीला नाही. पुनर्मुद्रणाखालीही हा आकडा टाकायला कुणाची बंदी नाही.

7. अवस्था आणि मागचं कापड

जुनं पोस्टर मागून कापडावर चढवलेलं असणं हा दोष नाही, बाजाराची ती रीत आहे. योग्य पद्धत अशी: ताणून बसवलेलं मांजरपाटासारखं सुती कापड किंवा लिनन, त्यावर पातळ कागदाचा थर, मग पोस्टर, आणि चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. ही खळ पाण्याने सुटते, म्हणजे उद्या काही चुकलं तर काम उलटवता येतं. न सुटणारा प्रकार म्हणजे गरम दाबाने पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर चिकटवलेलं पोस्टर. कोपरा जरा वाकवून बघा. ताठ पुठ्ठा लागला आणि कागद वेगळा होत नसेल, तर भाव निम्म्याहून खाली मागा, नाहीतर सोडा.

दर्जाची अक्षरं (ए, बी, सी) प्रत्येक लिलावघराची आपापली. त्यांच्यावर न जाता चार गोष्टी विचारा: चेहऱ्यात किंवा मुख्य अक्षरात दुरुस्ती आहे का, समास किती उरलाय, किती टक्के भाग नव्याने रंगवलाय, रंग उडालाय का. समासातली चीर क्षुल्लक असते. चेहऱ्यातलं ठिगळ तसं नाही. उन्हात राहिलेल्या प्रतीत लाल आणि पिवळे आधी जातात, निळा आणि काळा मागे राहतो, आणि सगळं पोस्टर थंड, निळसर दिसू लागतं. शेरेच्या बाबतीत हे फार घातक, कारण त्याचं अर्धं पोस्टर त्या लाल-पिवळ्यावरच उभं आहे.

8. कागदपत्रं आणि भारतात आणणं

पावतीवर हे सगळं हवं: चित्रकार, शीर्षक, प्रतीच्या छपाईचं वर्ष, छापखाना, माप सेंटिमीटरमध्ये, तंत्र, कापडावर चढवलंय का, दुरुस्ती कुठे. शिवाय कोपरे, समास आणि मागची बाजू यांचे फोटो, आणि खोटं निघाल्यास परत घेण्याची लेखी अट. लिलावात हातोड्याच्या भावावर लिलावघराचं कमिशन चढतं, ते आधी विचारून आपली वरची मर्यादा त्यात बसवा.

युरोपातून आणताना 50 वर्षांहून जुन्या आणि ठरावीक मूल्यापुढच्या मूळ पोस्टरांना निर्यात प्रमाणपत्र लागतं. ते काढणं विक्रेत्याचं काम, पण ‘लागणार आहे का’ हे पैसे देण्याआधी विचारा. भारतात कस्टम्सच्या वर्गीकरणात मूळ छापचित्रं आणि लिथोग्राफ 9702 या शीर्षकाखाली, तर 100 वर्षांहून जुन्या प्राचीन वस्तू 9706 खाली येतात. पावतीवर नुसतं ‘पोस्टर’ लिहिलं, तर माल साध्या छापील जाहिरातीत जमा होऊ शकतो आणि मग हुज्जत. वय आणि तंत्र पावतीत स्पष्ट लिहून घ्या, दर बदलत राहतात म्हणून त्या आठवड्यातला दर कस्टम्स एजंटकडून काढा, आणि कुरिअरला लागणारी ओळखपत्रं (केवायसी) तयार ठेवा.

पाठवणी सपाट नाहीतर रुंद नळीत. अरुंद नळीत कापडावरच्या पोस्टरला कायमच्या सुरकुत्या पडतात. 15 सेंमी व्यासाच्या खालची नळी नको.

9. घरात कुठे आणि कसं

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कागदाचे तीन शत्रू: बुरशी, कसर आणि फ्रेमवाला. तिसरा सगळ्यात वाईट. त्याला स्पष्ट सांगा: लॅमिनेशन नाही, फेविकॉल नाही, सेलोटेप नाही, मागे हार्डबोर्ड थेट नाही. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित. कागद काचेला टेकता कामा नये, मध्ये किमान 5 मिलिमीटरची पट्टी. मोठ्या पोस्टराला काच जड होते, त्यापेक्षा अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक घ्या. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन-तीन पट्ट्यांनी, खळीने टांगायचं, चारही बाजूंनी चिकटवायचं नाही. कागद पावसात फुगतो आणि डिसेंबरात आकसतो, त्याला हलायला जागा हवी.

बाहेरच्या ओलसर भिंतीवर आणि खिडकीसमोर लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. आर्द्रता 45 ते 55 टक्के हे आदर्श, जुलैत मुंबईत ते वातानुकूलनाशिवाय जमत नाही. निदान घरात आर्द्रतामापक ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. उजेड 50 लक्सच्या आत, आणि वर्षातले काही महिने पोस्टर अंधारात.

10. घरच्या माळ्यावरचं: रविवर्मा आणि चित्रशाळा

हा लेख वाचून कुणीतरी आजीच्या देवघरातली लक्ष्मी काढून भिंग लावणार, म्हणून हे वेगळं सांगायला हवं. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञांसह, आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी 1878 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा हा छापखाना काढला होता. रविवर्मा प्रेसचं काम पॅरिसच्या पोस्टरापेक्षा अगदी उलट दिशेचं आहे. इथे तैलचित्राची हुबेहूब छपाई हेच उद्दिष्ट. म्हणून दगड पुष्कळ, आणि चेहऱ्याचा रंग हाताने टिंबलेल्या ठिपक्यांतून आलेला. भिंगाखाली ठिपके दिसले म्हणून घाबरू नका. हे ठिपके वेडेवाकडे, लहान-मोठे आणि पाच-सात वेगवेगळ्या शायांचे असतात. गुलाबी, तपकिरी, फिकट निळा. ऑफसेटची शिस्त त्यांत नसते. वर वार्निश आणि कॅनव्हाससारखी दाबलेली पोत असू शकते, त्यावरूनच ‘ओलिओग्राफ’ हे नाव.

खालच्या समासात इंग्रजीत ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ अशी ओळ असेल तर ती मळवलीची छपाई. त्यावरून साल लावू नका, छापखाना विकल्यानंतरही हे नाव दशकानुदशकं चालू होतं. साडीवर जर, टिकल्या, मणी चिकटवलेले असतील तर ‘साफ’ करायला जाऊ नका. घरोघरी देवाला असं नटवत, आणि आता ती नटवलेली प्रतच संग्राहक शोधतात. जुनी लाकडी फ्रेम आणि मागचा फळकुटाचा पाठही फेकू नका. फळकूट आम्लधर्मी असल्यामुळे चित्रापासून वेगळं करा, पण जपून ठेवा, मागे फ्रेमवाल्याचं लेबल असेल तर विशेष.

आणि परदेशी राहणाऱ्या भावंडांसाठी: 100 वर्षांहून जुनी कलावस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. बॅगेत गुंडाळून विमानतळावर जाण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र मिळतंय का ते बघा. अर्जासोबत वस्तूचे फोटो आणि माप लागतात, आणि वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात हे होत नाही, आल्या आल्या सुरू करा.